अकरा वर्षं केलेला विचार

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर जगात कोणाचाही विश्वास बसणार नाही," जेबेझ गॅदरकोल म्हणाला.

"मग मला कशाला सांगताय?" टपाल कचेरीच्या काउंटरमागून मिस पेग म्हणाल्या आणि त्यांनी एका पाकिटावर धाडकन शिक्का मारला.

सोमवारची सकाळ. नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती. जेबेझने चर्चला जायचा काळा सूट घातला होता आणि दाढी करताना गालाला तीन ठिकाणी कापून घेतलं होतं. हे पहिलं वाक्य त्याने काल दिवसभर आपल्या कारखान्यात, अर्धवट झालेल्या शेतगाडीच्या चाकासमोर उभं राहून म्हणून पाहिलं होतं. चाकाने त्याला उलट काही विचारलं नव्हतं.

दाराजवळ पर्सी कॅचपोल तिकीट घ्यायला उभा होता. पर्सी गावचा खाटीक. एकच तिकीट त्याला हवं होतं आणि ते घेत तो गेली दहा मिनिटं तिथंच होता.

"पर्सी, तुझं काम झालं ना?" जेबेझने विचारलं.

"झालं की. पण तुझं होतंय का ते बघून जाईन म्हणतो."

शनिवारी दुपारी काय झालं ते पर्सीला कोणी सांगायला नको होतं. तो तिथंच होता, आठव्या घंटेच्या दोराला लोंबकळत. उरलेल्या ऑल्डरसेट गावाने ते घरबसल्या ऐकलं.

ऑल्डरसेटच्या चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत. आठ दोर, आठ माणसं. त्यावर कुठलं गाणं वाजवायचं नसतं. सात घंटांनी दर फेरीला आपला क्रम बदलायचा आणि आठवीने, म्हणजे सगळ्यांत थोरलीने, दर वेळी शेवटी घुमायचं. अशा पाच हजार चाळीस फेऱ्या, आणि वाजून गेलेला क्रम पुन्हा येता कामा नये. तीन तास लागतात. मधे थांबायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कागद बघायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. बोलतो फक्त म्होरक्या, तेही ठरल्या जागी एकच शब्द पुकारायला, "बॉब!" तो ऐकला की सगळे आपापली वाट बदलतात. म्होरक्या हा पुकारा विसरला किंवा त्याने दुसरंच काही पुकारलं, तर तीन तासांची मेहनत मातीत जाते आणि नोंद होत नाही. ऑल्डरसेटला अशी पुरी नोंद पंचवीस वर्षांत झाली नव्हती.

शनिवारी ती होणार होती. दोन तास एकावन्न मिनिटं झाली होती, नऊ उरली होती. म्होरक्या होता जेबेझ. समोर तिसऱ्या दोरावर मिस पेग. आता बॉब पुकारायचा तो क्षण आला, जेबेझने छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडातून आलं, "मिस पेग, माझ्याशी लग्न करा!"

पुढे जे झालं त्याला आवाज म्हणणं बरोबर होणार नाही. कपबशांनी भरलेलं कपाट जिन्यावरून गडगडत यावं आणि खाली दुसरं कपाट उभं असावं, तसं काहीतरी झालं. पहिली घंटा चौथीवर पडली, पाचवी कोणाचीच वाट न बघता दोनदा वाजली. शेजारच्या गावातल्या कोंबड्यांनी आठवडाभर अंडी द्यायचं नाकारलं, आणि दिली तेव्हा ती चपटी होती. मनोऱ्यावरचा वाऱ्याचा कोंबडा तेव्हा जो उत्तरेला वळला तो अजून तिकडेच बघतोय.

"लेका," दोर सोडत पर्सी म्हणाला होता, "नऊ मिनिटं दम धरवला नाही तुला?"

मिस पेगनी आपली घंटा शिस्तीत थांबवली, दोर गुंडाळून खुंटीला अडकवला, हॅट चढवली आणि जिन्याच्या दारातून मागे वळून एवढंच म्हणाल्या, "सोमवारी या. नऊनंतर. टपालाची गाडी गेली की."

जेबेझला तेव्हापासून झोप नव्हती. आयुष्यात त्याने विचार न करता काही केलं असेल तर ते हेच. एरवी हा माणूस एका फळीचं माप सात वेळा घेई आणि आठव्यांदा शेजाऱ्याला घ्यायला लावी. कुत्रा पाळायचा म्हणून त्याने एकदा पिल्लं पाहिली, दोन वर्षं विचार केला, आणि निवडलेलं पिल्लू आणायला गेला तेव्हा त्याला नातवंडं झालेली होती. अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी, सात जणांदेखत, चालू घंटांमधे लग्नाची मागणी घातली. मिस पेग आता आपल्याला नेऊन पर्सीच्या पंगतीला बसवणार, याबद्दल त्याची खात्री झाली होती.

कारण पर्सीची पंगत सगळ्या गावाला माहीत होती. पर्सीने आजवर चौदा बायकांना मागणी घातली होती, त्यांतल्या दोघींना तर एकाच दिवशी, जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक.

म्हणून जेबेझने रविवारी चाकासमोर एक गोष्ट रचली. ती सांगायला तो आता तोंड उघडणार, तेवढ्यात मिस पेगनी हात वर केला.

"थांबा. आधी मी बोलते. बावीस वर्षं मी या खिडकीत तारा घेतेय, मिस्टर गॅदरकोल. लोकांच्या मनात एक असतं आणि ते लिहून आणतात भलतंच. 'घाईने ये' आणि 'ताबडतोब ये' यांत फरक आहे, हे मला समोर माणूस रडत असताना समजावून सांगावं लागतं. घाईने येणारा चहा घेऊन निघतो. ताबडतोब येणारा चुलीवर किटली तशीच ठेवून निघतो. बरोबर?"

"बरोबर," जेबेझ म्हणाला.

"तसंच हे. माणूस विचार न करता बोलला, एवढ्यावर माझं भागत नाही. विचार न करता बोललेलं सगळं एकाच टोपलीत टाकता येत नाही. आता या पर्सीचं बघा."

"माझं काय मधेच?" पर्सी म्हणाला.

"जत्रेत धावायची शर्यत सुरू करायला पंच टोपी खाली टाकतो. पर्सीला तेवढीही वाट बघवत नाही. कोणाच्या डोक्यावरची टोपी नुसती हलली की हा गुडघ्यावर बसलाच. कारण काय, तर काहीही. उठसूट. गेल्या मंगळवारी मी अर्धा शेर खिमा मागितला, तर याने मला मागणी घातली."

"पण खिमा किती छान मागितलात तुम्ही, मिस पेग!"

"बघितलंत?" मिस पेग जेबेझला म्हणाल्या. "याला सुरुवात करायला निमित्त पुरतं, मग ते खिम्याचं का असेना. यात त्या बाईचं काही नसतं. मी तिथं नसते तर याने वजनकाट्याला विचारलं असतं."

"काट्याने हो म्हटलं असतं," पर्सी म्हणाला. "तो तुमच्यासारखा नाक वर करत नाही."

"दुसरे आपले पाद्रीसाहेब. मागच्या वर्षी बाजारात छत्री आणायला गेले आणि बोकड घेऊन आले. त्यांना बोकडाची गरज नव्हती. कोणी आग्रह केला नव्हता. बोकड तर स्वतःच यायला तयार नव्हता. पण लहर आली. हे उठसूट नव्हे हं, पाद्रीसाहेब काही दर बाजाराला बोकड आणत नाहीत. पण लहर आली तशी गेली, आणि बोकड राहिला. मला बोकड व्हायचं नाही, मिस्टर गॅदरकोल."

"छे छे," जेबेझ म्हणाला. "आणि... आणखी आहे का एखादं?"

मिस पेगनी शिक्का खाली ठेवला. आता त्या जरा सावकाश बोलायला लागल्या.

"आहे. तिथं माणूस चंचल नसतो. उलट ठाण मांडलेल्या घोड्यासारखा असतो, वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. टोप्या पडोत, बोकड विकायला येवोत. आणि मग एक क्षण येतो, तेवढाच एक, आणि त्याच्या बरगडीत टाच मारतो. आधीच्या क्षणाला ते जमलं नसतं, नंतरच्याला जमणार नसतं. आणि घोडा सुटतो. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. काय वेडा आहे, म्हणतात. पण शेवटचं असेल तर त्या क्षणात काहीतरी होतं. समोरच्या माणसात काहीतरी होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तर शनिवारी तुमचं यातलं कोणतं होतं?"

आता खरं काय होतं, ते जेबेझला पक्कं माहीत होतं. दोन तास एकावन्न मिनिटांनी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं. मिस पेगच्या अंबाड्यातून एक बट सुटून डोळ्यावर आली. दोन्ही हात दोरावर, म्हणून त्यांनी ओठांचा कोपरा वळवून फुंकर मारली. बट उडाली, पुन्हा तिथंच आली, आणि मिस पेग हसल्या, कोणाकडे न बघता, एकट्याच. बस. एवढंच झालं. क्षणभरापूर्वी जेबेझच्या डोक्यात बॉबशिवाय काही नव्हतं.

हे त्याने सांगून टाकायला हवं होतं. पण विचारी माणसाचं दुर्दैव असं, की कालचं तयार वाक्य जिभेवर आधीच येऊन बसलेलं असतं.

"यातलं एकही नाही," जेबेझ छाती काढून म्हणाला. "मी अकरा वर्षं विचार केला. तुम्ही सेहेचाळीस साली, लढाई संपल्यावर, पहिल्यांदा घंटा वाजवायला आलात, त्या दिवसापासून. विश्वास बसणार नाही, पण शनिवारचा दिवस, वेळ, मिनिट, सगळं ठरवलेलं होतं."

"अकरा वर्षं," मिस पेग म्हणाल्या.

"पुरती."

"म्हणजे सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात, सहा आठवडे दारापर्यंत बर्फ होता, मी या खोलीत एकटी बसून उकडलेले सलगम खात होते, तेव्हा तुम्ही पलीकडच्या गल्लीत बसून विचार करत होतात?"

"हळूहळू करत होतो," जेबेझ म्हणाला. आपण कुठेतरी चुकलो, हे त्याला दिसायला लागलं होतं.

"मी काय तुमच्या वखारीतलं लाकूड आहे?" मिस पेगचा आवाज चढला नाही, पण शिक्का उचलून त्यांनी पाकिटावर आपटला. "वाळेपर्यंत रचून ठेवायला? शनिवारी संध्याकाळी मी घरी आले, किटली चढवली आणि मनाशी ठरवलं. उठसूट असेल तर नाही. लहर असेल तर नाही. त्या क्षणाने टाच मारली असेल, तर हो. 'हो' मी तेव्हापासून इस्त्री करून घडी घालून ठेवलंय. पण एक माणूस अकरा वर्षं जाणूनबुजून गप्प बसेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्याला तर नाहीच नाही."

"टाच!" जेबेझ ओरडला. "टाचच होती! अकरा वर्षं बिकरा वर्षं काही नाही, मी आपलं..."

"आता नाही. आता 'हो' कशाला मिळतं ते कळल्यावर तुम्ही टाच म्हणणारच. आधी अकरा वर्षं म्हणालात. तुम्ही खरं बोलणारे गृहस्थ आहात, सगळं गाव सांगतं. मला विश्वास ठेवायलाच हवा." आणि त्यांनी पुढचं पाकीट उचललं.

पर्सी हसून हसून दाराच्या चौकटीला टेकला. "लेका, आता एकच वाट आहे. ती अकरा वर्षं खोटी ठरायला हवीत, आणि ती ठरवायला हवीत यांनी. तू कितीही शपथा घे, उपयोग नाही. यांनी तुला स्वतः पकडायला हवं."

"आणि नाहीच पकडलं तर मिस पेग," तो पुढे म्हणाला, "मी आहेच."

"पर्सी, तिकीट चिकटवा आणि गप्प बसा."

जेबेझने कपाळाचा घाम पुसला. पर्सीचं म्हणणं खरं होतं. खोटं पकडलं जायचं असेल तर ते एवढं मोठं हवं की कोणाच्याच घशाखाली उतरता कामा नये. त्याने दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"तर, सेहेचाळीस साली मी पहिलं काय केलं, तर मनोऱ्यातल्या एका कावळ्याला तुमचं नाव शिकवलं. म्हटलं, मला धीर होत नाही, हा सांगेल. चार वर्षं शिकवलं. त्याला 'डॉर्क' एवढंच यायचं. 'कस' त्याच्या मुलाला आलं. मग बाप आणि मुलगा शेजारी शेजारी बसून दोघं मिळून 'डॉर्कस' म्हणायचे."

त्याने आशेने मिस पेगकडे पाहिलं.

"कावळे हुशार असतात," मिस पेग म्हणाल्या. "पुढे?"

"पुढे... पुढे मी एक चाक केलं. लोखंडी धावेवर उलटी अक्षरं कोरली, म्हणजे चिखलातून गाडी गेली की सुलट उमटावीत. 'मिस पेग, लग्न करा, मिस पेग, लग्न करा.' नॉरिचपर्यंत सगळ्या रस्त्याने उमटत गेलं. तुमच्या दारावरूनच गेलं. पण मागून बदकांचा कळप आला आणि अक्षरं तुडवून गेला."

"त्या वर्षी चिखल फार होता," मिस पेग म्हणाल्या. "माझ्या पायरीवर बदकांचे पाय मला आठवतात."

पर्सीने रुमाल तोंडात कोंबला. जेबेझचा धीर सुटत चालला. बाई बदकं गिळते, कावळे गिळते, आणि प्रत्येक घासाबरोबर ती अकरा वर्षं जास्तच खरी होत जातात. आणखी मोठं काहीतरी हवं होतं.

"अंगठी घेतली होती मी! गिरणीच्या तळ्याकाठी उभा राहून मागणी कशी घालायची याचा सराव करत होतो, तर हातातून निसटली आणि एका वाम माशाने गिळली. दर शुक्रवारी गळ टाकून बसायचो. मासा वाढत गेला. एवढा वाढला की तो वळला की गिरणीचं चाक उलटं फिरायचं, आणि पिठाचे परत गहू व्हायचे. पर्सीला विचारा!"

"खरं आहे," पर्सी गंभीरपणे म्हणाला. "मीच कापला तो. डोकं दुकानात होतं, शेपूट अजून तळ्यात."

"आणि अंगठी?"

"अंगठी त्याच्यात नव्हती," जेबेझ हताशपणे म्हणाला. "त्याच्या भावात होती."

"वस्तू जपून ठेवायला हवी होती," मिस पेग म्हणाल्या आणि वजन करायला एक पार्सल काट्यावर ठेवलं.

संपलं. जेबेझने मान खाली घातली. याच्यापुढे त्याला काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी सांगायचं त्राण नव्हतं. बाहेर चौकात कोणीतरी पंपावर पाणी भरत होतं, त्याचा कुंईकुंई आवाज येत होता. तो ऐकत जेबेझ दमलेल्या, साध्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच बोलत राहिला. रचायचं असं त्याच्या मनातही नव्हतं. असं कधी झालं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटत होतं त्याला.

"एकोणपन्नासच्या नाताळात मी तुम्हाला पत्र लिहिलं. चार ओळींचं. इथं खिडकीत आणून द्यायची लाज वाटली, म्हणून पंपाजवळच्या भिंतीतल्या पेटीत टाकलं. टाकलं आणि पस्तावलो. तिथंच थंडीत उभा राहिलो, पोस्टमन पेटी उघडायला येईपर्यंत. आला, तेव्हा त्याला म्हटलं, माझं पत्र मला परत दे बाबा. त्याने दिलं. घरी जाऊन जाळून टाकलं."

काट्यावर पार्सल हलायचं थांबलं.

पर्सीने रुमाल तोंडातून काढला. एवढं खरं वाटण्यासारखं जेबेझ सकाळपासून काही बोलला नव्हता, आणि पर्सीला त्याची कीव आली.

मिस पेग काउंटरची फळी उचलून बाहेर आल्या. बावीस वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना त्या बाहेर आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्या जेबेझच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या, चेहरा लाल, डोळे नुसते चमकत होते, आणि त्यांनी त्याच्या कोटाचं वरचं बटण चिमटीत पकडलं.

"खोटं!" मिस पेग म्हणाल्या, आणि त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की पंपाचा आवाज थांबला. "धादांत खोटं! एकोणपन्नास साली पंपाजवळ पेटी कुठे होती? ती त्रेपन्न साली, राणीच्या राज्याभिषेकाच्या वर्षी बसली, भिंत फोडणाऱ्या गवंड्याला चहा मी दिला! आणि पेटीत पडलेलं पत्र पोस्टमन परत देतो? माझ्या हाताखालचा पोस्टमन? राणीने येऊन मागितलं तरी देणार नाही! कावळे चालतील मला, मासे चालतील, पण माझ्या टपालाबद्दल नाही! कसली अकरा वर्षं, जेबेझ? तोंड उघडेपर्यंत तुमचं तुम्हालाच ठाऊक नव्हतं! टाचच होती ती!"